फुल्ल टाकीवर बंद पडलेली बस

"डिझेलचा काटा दुरुस्त करायला मला मेकॅनिक कशाला हवा?" नवनाथराव घोडके म्हणाले. "बत्तीस लाख फ्लोट माझ्या हाताखालून गेलेत."

हा आकडा त्यांनी स्वतःच काढला होता आणि तो बरोबरच असणार, कारण माणूस आकड्यांच्या बाबतीत फार कडक. चाकणच्या ज्या कंपनीत ते सव्वीस वर्षं होते, तिथं गाड्यांच्या टाकीत बसवायचे फ्लोट बनतात. फ्लोट म्हणजे तारेच्या दांडीला लावलेला एक हलका डबा. टाकीत डिझेल असलं की तो वर तरंगतो, डिझेल संपत आलं की खाली जातो, आणि ड्रायव्हरसमोरचा काटा त्याच्या इशाऱ्यावर हलतो. नवनाथराव क्वालिटीला होते. लाइनवरून आलेला पीस मशीनवर लावायचा, हिरवा दिवा लागला तर पुढं पाठवायचा, लाल लागला तर लाल पेटीत टाकायचा. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खराब पीस बाहेर गेला नाही. हे ते स्वतः सांगायचेच, पण कंपनीतले लोकही सांगायचे.

आता यात एकच बारीकशी गोष्ट राहिली. बत्तीस लाख फ्लोट पाहिलेल्या या माणसानं फ्लोट टाकीत बसतो कसा, हे मात्र एकदाही पाहिलेलं नव्हतं.

नवनाथराव मूळचे लातूरकडचे. लग्नानंतर वर्षभरात बायकोला घेऊन कामासाठी इकडं आले आणि कुरुळीत राहिले. मंजुळाबाईंनी तिथंच दोन खोल्यांत मेस काढली. गेली अठरा वर्षं त्या चाळीस पोरांना दोन्ही वेळ जेवू घालत होत्या. यांच्या तीन शिफ्टा, तिची दोन वेळची मेस. हे घरी यायचे तेव्हा ती कणकेत, ती पडायची तेव्हा हे बूट घालायला बसायचे. भांडायचं म्हटलं तरी वेळ ठरवावी लागायची. गेल्या दिवाळीत नवनाथराव रिटायर झाले आणि पहिल्याच दुपारी पोरांच्या पंगतीत जाऊन बसले, तर मंजुळाबाईंनी वाढता वाढता मान वर न करता विचारलं, "कूपन?"

सगळी पंगत हसली. नवनाथरावही हसले. पण त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. आपण याच घरात राहतो हे सांगायला आता काहीतरी करायला हवं, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यातूनच ती बस आली. कंपनीची जुनी सव्वीस सीटची स्टाफ बस, जिच्यात बसून त्यांनी अर्धं आयुष्य डुलक्या काढल्या होत्या, ती कंपनीनं मोडीत काढली. नवनाथरावांनी ती घेतली आणि दादासाहेबांच्या आवारात आणून उभी केली. दादासाहेब म्हणजे त्यांचे घरमालक. गावचे जुने शेतकरी, जमीन कारखान्यांत गेली, आता खोल्या भाड्यानं देतात आणि दिवसभर खुर्ची टाकून दुसऱ्यांची कामं बघतात. त्यांच्या देखरेखीखाली बसमधल्या सीटा निघाल्या. त्यांच्या जागी पलंग आला, खिडकीला पडदे आले, बेसिन आलं आणि कडाप्प्याचा पक्का ओटा आला. नवनाथराव त्याला मोटरहोम म्हणायचे. दादासाहेब म्हणायचे, "फिरतं बिऱ्हाड हाय. झ्याक हाय."

मंजुळाबाईंना मात्र त्यात बसवणं सोपं नव्हतं. त्यांनी पडद्याला हात लावून बघितला, पलंगावर दाबून बघितलं, आणि पुन्हा भाजी चिरायला गेल्या. दोन महिने नवनाथराव मागं लागले होते. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "चार दिवस. रविवार ते बुधवार. नाशिकच्या बाजूला कुठंबी चला, मला काय बघायचं नाही. जिथं कुणी मला वाढा म्हणणार नाही तिथं न्या."

अठरा वर्षांत मेस कधी चार दिवस बंद राहिली नव्हती. मंजुळाबाईंनी दारावर खडूनं तसं लिहिलं, तेव्हा पोरांनी त्या पाटीचे फोटो काढून एकमेकांना पाठवले.

आणि त्याच आठवड्यात देहूपर्यंत चाचणीची फेरी मारून येताना बस वाटेत बंद पडली. डिझेल संपलं होतं. काटा निवांत अर्ध्यावर उभा. तो कायमच अर्ध्यावर असायचा, टाकी भरा नाहीतर रिकामी करा. सोबत आलेल्या मंजुळाबाई दोन तास रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि घरी येऊन शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला चार दिवस मिळालेत. त्यातला एक जरी असा रस्त्यावर उभं राहून गेला, तर मी मिळेल ती एसटी धरून माघारी येणार आणि मेस उघडणार. मग परत कधी बंद ठेवणार नाही. मग तुमी आणि तुमची बस."

त्या रागावून बोलल्या असत्या तर नवनाथराव घाबरले नसते.

दादासाहेबांनी सरळ उपाय सांगितला. "आरं, टाकी गच्च भर नि जा. काट्याला काय ववाळायचंय? नायतर मेकॅनिकला बोलाव."

"दादासाहेब, ज्याला मोजमाप नाही अशी वस्तू माझ्या हातून पुढं जात नाही," नवनाथराव म्हणाले. बत्तीस लाखांचा उल्लेख झाला तो इथंच.

शनिवारी सकाळी ते कामाला लागले. पहिला शोध असा लागला की फ्लोट टाकीच्या माथ्यावर बसतो आणि तिथं पोचायला बसच्या तळात एक झाकण असतं. दुसरा शोध असा की त्या झाकणावर बरोबर मधोमध मंजुळाबाईंचा कडाप्प्याचा ओटा उभा आहे. ओटा काढायचं नावही काढण्यात अर्थ नव्हता. मग टाकीच खालून उतरवायची ठरली, आणि त्याआधी तिच्यातलं डिझेल काढायचं ठरलं. देहूच्या प्रकारानंतर त्यांनी कॅननं थोडं ओतलं होतं, तेवढंच आत होतं. पण बसखाली जागा वीतभर. दादासाहेबांनी आणलेले सगळे कॅन उभट, एकही आत शिरेना.

"पसरट भांडं पायजे," दादासाहेब खुर्चीतून म्हणाले.

मंजुळाबाई उरलेली भाजी द्यायला शेजारच्या जाईबाईंकडे गेल्या होत्या. नवनाथराव घरात गेले. दुपारची शेवटची पंगत उठवून मेसची भांडी घासून, पालथी घालून, चार दिवसांसाठी फडक्यानं झाकून ठेवली होती. त्यांनी फडकं उचललं. एकदा मागं बघितलं. आणि आमटीचं पातेलं उचललं.

पुढच्या अर्ध्या तासाबद्दल बोलायचं नाही. त्या अर्ध्या तासात डिझेल पातेल्यात आलं, टाकी विटांवर आली आणि नवनाथराव डोक्यापासून पायापर्यंत काळे झाले. जुना फ्लोट बाहेर निघाला. दांडी पार झिजून एका जागी अडकली होती. तो घेऊन ते चाकणला गेले, तिथून निगडीला गेले. सगळ्या दुकानदारांनी फ्लोट उलटासुलटा करून एकच उत्तर दिलं. हे मॉडेल बंद झालंय, मागवावं लागेल, आठवडा धरा.

नवनाथराव घरी आले आणि टीव्हीसमोर बसले. टीव्ही बंद होता. ते टीव्हीच्या वर बघत होते.

तिथं लाकडी पाटीवर, चांदीसारखा पॉलिश केलेला एक फ्लोट बसवलेला होता. निरोप समारंभात लाइनवरच्या पोरांनी शाल आणि नारळाबरोबर तो दिला होता. खाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव. फ्लोट नेमका याच मॉडेलचा, कारण त्यांच्या लाइनवर वर्षानुवर्षं हेच मॉडेल चाललं होतं. पोरांनी जो पीस दिला तो मास्टर असणार, यात नवनाथरावांना शंका नव्हती. मास्टर म्हणजे सर्वांत अचूक पीस, ज्याच्यावरून बाकीचे सगळे तपासतात. दुसरं काय देतील क्वालिटीच्या माणसाला?

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पाटीवरचे स्क्रू काढले. सव्वीस वर्षांची एकच खूण होती ती. पण मंजुळाबाईंचे चार दिवस त्याहून मोठे होते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंच होतं.

आवारात दादासाहेबांनी विचारलं, "बसवायच्या आदी तपासलास का?"

"मास्टर तपासायचा नसतो दादासाहेब. मास्टरवरून बाकीचे तपासायचे असतात."

फ्लोट बसला. टाकी वर चढली. पातेल्यातलं डिझेल परत टाकीत गेलं. नवनाथरावांनी चावी फिरवली, आणि इतकी वर्षं अर्ध्यावर मेलेला काटा जागा झाला, थरथरला, आणि चढत चढत पाऊणच्या जरा पुढं जाऊन थांबला.

"पाऊण टाकी!" नवनाथराव ओरडले.

दादासाहेब पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "आरं, एक पातेलंच वतलंय की आपुन."

"पातेलं हे काय मोजमाप आहे का? डोळ्याला फसवतं ते. काटा कसा खोटं बोलेल, मास्टर पीस आहे."

"व्हय बाबा," दादासाहेब म्हणाले आणि परत बसले.

पातेलं नवनाथरावांनी साबणानं तीनदा, राखेनं दोनदा आणि लिंबानं एकदा घासलं. वास घेतला. मग फडक्याखाली सगळ्यात मागं, परातीच्या आड ठेवून दिलं.

रविवारी सकाळी सातला बस निघाली. मंजुळाबाई नवी चॉकलेटी साडी नेसून मागं पलंगावर बसल्या होत्या, खिडकीपाशी. पुढं येऊन बसा म्हटलं तर म्हणाल्या, "नको. उतरायला दार इथनं जवळ हाय."

नवनाथरावांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आज काटा खरा बोलत होता, बस झ्याक पळत होती, त्यांनी शीळसुद्धा घातली. राजगुरुनगरला पेट्रोल पंप दिसला तशा मंजुळाबाई मागून म्हणाल्या, "अहो, भरून घ्या की जरा."

"पाऊणच्या वर आहे. कशाला?"

"सकाळी पाऊण म्हणला होतात ना?"

"हो."

"मग आता पाऊणच्या वर कसं?"

नवनाथरावांनी काट्याकडे बघितलं. काटा खरंच मघापेक्षा थोडा वर होता. "चढ आहे," ते म्हणाले. "डिझेल मागं सरकतं. फ्लोट उचलला जातो. तांत्रिक आहे ते."

चढ संपला, उतार आला, सपाटी आली. काटा हळूहळू वरच चालला होता. आता मंजुळाबाई उठून त्यांच्या पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. मंचर येईपर्यंत त्या काट्यावरून नजर काढेनात.

"अहो, हा वर जायलाय."

"ऊन चढलंय. डिझेल गरम झालं की फुगतं."

"किती फुगतं?"

"फुगतं जरासं."

मंजुळाबाईंनी काट्याच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. मग म्हणाल्या, "अठरा वर्षं मेस चालवते मी. एकदा तरी असं व्हावं, की पोरं जेवून उठली आणि भात वाढला."

मंचरच्या पंपापाशी त्यांनी पुन्हा एकदा, शेवटचं, भरून घ्या म्हटलं. तोपर्यंत काटा फुल्लला जाऊन टेकला होता. नवनाथराव म्हणाले, "आता भरलं तर बाहेर सांडेल." हे बोलताना आपला आवाज थोडा बारीक झालाय हे त्यांच्याच लक्षात आलं. बत्तीस लाख पीस पाहिलेल्या माणसाच्या पोटात कुठंतरी लाल दिवा लागला होता. पण मास्टरवर संशय घ्यायचा तर उरलंच काय?

मंचर मागं पडून दोन-चार किलोमीटर झाले असतील. बसनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि कांद्याच्या शेताशेजारी एका एसटीच्या थांब्यापासून शंभर पावलांवर ती मुकाट्यानं उभी राहिली. काटा फुल्लवर होता.

नवनाथरावांना मागं वळून बघायचं धाडस होईना. चार दिवसांतला पहिला दिवस, सकाळचे साडेआठ, आणि शंभर पावलांवर एसटीचा थांबा.

"अहो," मंजुळाबाई म्हणाल्या, "काल टाकीतलं डिझेल काढलंत ते कशात काढलंत?"

हा प्रश्न येईल असं नवनाथरावांना वाटलं नव्हतं. "भांड्यात."

"कोणत्या?"

"पसरट होतं एक."

"कोणत्या, अहो?"

"आमटीच्या," नवनाथराव म्हणाले, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आता आभाळ कोसळणार, म्हणून ते वाट बघत राहिले. मंजुळाबाईंनी डोळे मिटले होते. पण त्या मनात हिशेब करत होत्या, मेसवाल्या बाईला येतो तसला.

"किती भरलं होतं?"

"कड्यांच्या खाली चार बोटं."

"म्हणजे दहा लिटर. तीस पोरांची आमटी. टाकी केवढी?"

"साठ लिटर."

"साठात दहा म्हणजे पाऊण?" मंजुळाबाईंनी विचारलं. "भरलेली कमी, रिकामी जास्त. मग चालता चालता वर काय चढायलाय, तर रिकामपण चढायलाय. अहो, तुमचा काटा उलटा हाय."

नवनाथरावांनी काट्याकडे बघितलं आणि चावी बंद केली. "पुढं दोन किलोमीटरवर पंप आहे," ते शेवटी म्हणाले. "मी घेऊन येतो. तू..." थांबशील ना, असं त्यांना विचारायचं होतं. पण विचारलं आणि नाही म्हणाली तर? म्हणून ते फक्त "कॅन कुठंय" म्हणाले आणि कॅन घेऊन उतरले.

वाटेत त्यांनी लाइनवरच्या जयदीपला फोन लावला. नवनाथरावांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता त्यांच्याच जागेवर बसत होता.

"जयदीप, तुम्ही मला जो मास्टर दिला होता, तो नीट होता ना?"

"कुठला मास्टर, काका?"

"पाटीवरचा."

"काका, मास्टर पीस कंपनी कसा देईल? त्याला नंबर असतो, वर्षाला तपासणी असते. तो आपला एनजी पीस."

नवनाथराव जागच्या जागी उभे राहिले. एनजी पीस म्हणजे मुद्दाम उलटा बनवलेला, खराब पीस. रोज शिफ्ट सुरू होताना तो आधी मशीनवर लावायचा. मशीननं त्याला लाल दिवा दाखवला, म्हणजे मशीन शुद्धीवर आहे, मग लाइन चालू. वर तांबडा रंग फासलेला असायचा. तो रंग काढून पॉलिश केल्यावर आईबापालासुद्धा ओळखू आला नसता.

"इतकी वर्षं रोज सकाळी तुम्ही त्याला नापास केलंत," जयदीप सांगत होता. "म्हटलं, काका चाललेत तर जोडीनं जाऊ दे. पाटीच्या मागं लिहिलंय की आम्ही सगळ्यांनी. वाचलं नाही का?"

"वाचलं," नवनाथराव म्हणाले, "वाचलं, फार छान लिहिलंय," आणि फोन ठेवला. पाटी त्यांनी कधी उलटी करून बघितलीच नव्हती.

पंपावरून कॅन भरून परत येताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आयुष्यात एकच खराब पीस आपण पास केला, आणि तो आपल्याच बायकोला दिला. ऊन चढलं होतं, कॅन हाताला काचत होता. लांबून त्यांना बस दिसली. आणि त्याच क्षणी थांब्यावर एक एसटी येऊन थांबलेली दिसली, पुण्याकडं जाणारी. चॉकलेटी साडीतली एक बाई पिशवी सावरत तिच्यात चढत होती.

नवनाथराव पळाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हातात दहा लिटरचा कॅन, डिझेल डुचमळतंय, आणि "थांबवा, थांबवा" असं ओरडत हायवे ओलांडतोय. एसटी सुटता सुटता थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"चढायचंय का?"

"नाही," नवनाथराव धापा टाकत म्हणाले, "बायको उतरवायचीय."

चॉकलेटी साडीतल्या बाईनं वळून बघितलं. ती कुणी दुसरीच होती. तिनं नवनाथरावांकडे, त्यांच्या कॅनकडे आणि त्यांच्या काळ्या झालेल्या नखांकडे बघितलं, आणि कंडक्टरला म्हणाली, "मी नाही हो याची." अख्खी एसटी खिडक्यांना लागली. नवनाथराव हात जोडायला गेले तर हातात कॅन होता, म्हणून नुसती मान हलवली. एसटी निघून गेली.

ती गेल्यावर त्यांना दुसरी शंका आली. याआधीच एखादी एसटी येऊन गेली असेल तर?

ते बसकडे आले. पायरीवर कुणी नव्हतं. पुढं कुणी नव्हतं. त्यांनी पडदा बाजूला केला. मंजुळाबाई पलंगावर कुशीवर झोपल्या होत्या. एक हात गालाखाली, पाय पोटाशी घेतलेले, तोंड किंचित उघडं. शांत, गाढ झोपल्या होत्या. सकाळचे दहा वाजायला आले होते. या वेळेला त्यांना झोपलेलं नवनाथरावांनी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे त्या झोपल्यावर कशा दिसतात तेच ते विसरले होते. त्यांना एकदम भरून आलं.

त्यांनी कॅन आवाज न करता खाली ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. हायवेवरून ट्रक जात होते. एकानं हॉर्न दिला तर नवनाथराव उठून रस्त्यावर गेले आणि दोन्ही हातांनी "हळू, हळू" करायला लागले. पुढच्या दोन तासांत त्यांनी असं बऱ्याचदा केलं. पलीकडच्या शेतात कांदे काढणाऱ्या बायकांना वाटलं, माणसाला ऊन लागलंय.

बाराच्या सुमारास मंजुळाबाई उठल्या. "अगं बाई, मेस..." म्हणत दचकून बसल्या, आणि मग कुठं आहोत ते आठवून परत उशीला टेकल्या.

"आलात का? उठवायचं की."

नवनाथराव पलंगाच्या कडेवर बसले. "मंजुळा, तो मास्टर नव्हता. एनजी पीस होता. मी न तपासता बसवला. तुझे चार दिवस मी नासवले. आणि पातेलंसुद्धा." आता त्यांचा आवाज खरंच फाटला. "थांबा जवळच आहे. तुला जायचं असेल तर मी बसवून देतो."

मंजुळाबाईंनी अंबाडा सोडून परत बांधला. "माघारी जाऊन आमटी कशात करू? तुमच्या डिझेलात?"

नवनाथरावांनी आपली काळी नखं मुठीत लपवली.

"बरं, मला एक सांगा. ह्यो काटा भरलं की रिकामं दाखवतो आणि रिकामं झालं की भरलं. रोज असंच करतो का, की मनाला येईल तसं?"

"रोज असंच. पक्का उलटा आहे."

"मग काय अडलंय?" मंजुळाबाई म्हणाल्या. "पहिला होता तो अर्ध्यावर मेलेला. त्याच्याकडं बघून काईच कळत नव्हतं. ह्यो बोलतो तरी. उलटं बोलतो एवढंच. तुमचं तसंच हाय की."

"माझं?"

"'भूक नाही' म्हणलात की मी दोन भाकरी जास्त टाकते. तिसऱ्या शिफ्टवरनं येऊन 'दमलो नाही' म्हणायचात, तवा मी पोरांना सांगायची, भांडी वाजवू नका रे. रिटायर झालात त्या दिवशी म्हणलात, 'बरं झालं, सुटलो.' मग मी आठ दिवस रोज काई ना काई काम काढून तुमाला बाजारात पाठवत होते. घरात बसला असतात तर रडला असतात." त्यांनी साडी झटकली आणि उठल्या. "इतकी वर्षं मी असंच वाचायलीय. एक काटा वाचायला मला काय जड हाय? त्याला आता हात लावू नका."

नवनाथरावांनी कॅन उचलला आणि टाकीत डिझेल ओतायला गेले, कारण तिथं बसच्या मागं डोळे पुसता येत होते. नळ्यांत हवा धरली होती, ती काढायला हातपंप मारत आणखी अर्धा तास गेला. मंजुळाबाई शेताच्या बांधावर बसून कांदेवाल्या बायकांशी गप्पा मारत होत्या. एकीनं जेवता का विचारलं, तर तिच्याच डब्यातली भाकरी त्यांनी बसल्या बसल्या खाल्ली. कुणीतरी दुसऱ्यानं केलेली.

पुढच्या पंपावर डिझेल भरणारी मुलगी होती, छातीवर दिव्या नावाचा बिल्ला. नवनाथरावांनी चावी फिरवली तसं तिनं खिडकीतून आत बघितलं.

"काका, टाकी जवळजवळ फुल्लच आहे की तुमची."

"त्याचं काई ऐकू नकोस, बाई," मंजुळाबाई मागच्या खिडकीतून म्हणाल्या. "काटा शून्यावर येईस्तोवर भर."

मुलीनं नळी लावली. डिझेल आत जाऊ लागलं आणि काटा खाली येऊ लागला. मुलगी खाली वाकून टाकीला भोक आहे का ते बघून आली. पुन्हा काटा बघितला. पुन्हा खाली वाकली. मग तिनं तो नाद सोडला. काटा शून्याला टेकला तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, "बास. गच्च भरली."

बस हायवेला लागली. नारायणगावच्या पाट्या दिसू लागल्या. मग मागून मंजुळाबाईंचा आवाज आला.

"त्या बांधावरच्या बाया सांगत होत्या. एसटी थांबवून कुणाला उतरवायला गेला होतात म्हणं?"

नवनाथरावांचे कान लाल झाले. "छे. वेळ विचारायला गेलो होतो."

"मी निघून जाईन म्हणून घाबरला होतात काय?"

"मी? अजिबात नाही. मी कशाला घाबरतोय."

मंजुळाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्या पलंगावरून उठल्या, ओट्याला धरत धरत पुढं आल्या, आणि दारापासून लांब, नवनाथरावांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.